याडीच्या ढिगातली अळी

माझ्या आईवर अन्याय झाला. रामनवमीच्या दिवशी, ऊन डोक्यावर असताना, सगळा तांडा पोहरादेवीच्या यात्रेला गेलेला असताना झाला. तिचं नाव कमळाबाई. गावातल्या माणसांनी तिच्या घराशेजारचा सरपणाचा, पऱ्हाटीचा ढीग पेटवून दिला. गुलाबी बोंडअळी त्या ढिगातून उडते आणि आमच्या कापसावर येऊन बसते, असं त्यांचं म्हणणं होतं. पेटवणारे कोण, हे तांड्याला ठाऊक आहे आणि गावालाही ठाऊक आहे. त्यातले काही जण आजही रस्त्यात भेटले की राम राम घालतात, मीही घालते. नावं मी लिहिणार नाही. नावं लिहिली की लोक नावांवर बोलत बसतात आणि मुद्दा उपाशी राहतो.

मुद्दा असा की एक किडा बदलला होता. एका रात्रीत नाही, पिढी दर पिढी, आतून, कोणाला न दिसता. तो कशामुळे बदलला हे शोधायची तसदी कोणी घेतली नाही, आणि सगळा दोष एका बाईच्या सरपणावर लोटून गाव मोकळं झालं. मी पुढे पत्रकं लिहायला लागले ती यामुळे. गेल्या काही वर्षांत बरीच पत्रकं लिहिली, वाटली, काही माझ्यासमोर चुरगाळून फेकलेलीही पाहिली. पण पत्रकात चूल मावत नाही, आई मावत नाही. म्हणून हे इथं लिहून ठेवते.

आमचा तांडा हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावहून सेनगावला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला. गाव ओढ्याच्या पलीकडे. ग्रामपंचायत दोघांची मिळून एक, पण तिचं कार्यालय, शाळा, दवाखान्याची खोली आणि पाण्याची टाकी ओढ्याच्या त्या अंगाला. या अंगाला फक्त मतं. आमचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ वाहायचे म्हणतात. असतील. मी पाहिलं ते असं, की तांड्यावरचे पुरुष थोडीफार कोरडवाहू करायचे, नाहीतर ऊसतोडीला जायचे, आणि बाया गावाच्या रानात कापूस वेचायच्या. माझे वडील, ज्यांना आम्ही बापू म्हणतो, ते जीप चालवायचे. आईला आम्ही याडी म्हणतो, घरात गोरमाटी, म्हणजे आमची बंजाऱ्यांची बोली, बोलतो. याडीचं बोलणं इथं मी मराठीत लिहिलंय, ती गावात जसं बोलते तसं. तिच्या गोरमाटीत जे तिखट आहे ते यात उतरलेलं नाही, एवढं समजून घ्या.

तांड्यावर घर म्हणजे घर आणि ढीग. कापसाची शेवटची वेचणी झाली की रानात उभी राहतात ती वाळकी झाडं, म्हणजे पऱ्हाट्या. आमच्याकडे रीत अशी होती की ज्या बाईनं ज्या ओळी वेचल्या, त्या ओळींच्या पऱ्हाट्या तिच्या. हे कोणी कुठं लिहून दिलेलं नव्हतं. माघ लागला की बाया लोखंडी चिमटे घेऊन रानात उतरायच्या, बुडाशी चिमटा लावायचा, कंबरेतून मागं झोकायचं, झाड मुळासकट हातात. मालकाचं रान फुकटात मोकळं व्हायचं आणि बाईची वर्षाची चूल भागायची. मग भारे डोक्यावर घेऊन ओढा ओलांडायचा. ढीग रचणं हेही काम होतं; बुडखे बाहेर, शेंडे आत, वर उतार असा की पाणी आत शिरू नये. याडीचा ढीग तांड्यात सगळ्यात उंच असायचा आणि रस्त्याला लागून. पोरगी बघायला आलेली माणसं आमच्यात आधी ढीग बघत. ढीग नीट तर बाई नीट. बापू पाहुण्यांना हमखास सांगायचे, “मी हिचं तोंड नंतर पाह्यलं. आधी हिच्या मायीचा ढीग पाह्यला, अन् बापाला म्हणलं, सोयरीक पक्की करा.” याडी चुलीपाशूनच म्हणायची, “ढिगासंगच संसार करायचा व्हता मंग.”

त्या ढिगाचा आवाज मला अजून ऐकू येतो. पऱ्हाटीवर काही बोंडं न फुटलेली, वाळून काळी पडलेली राहतात. वारा सुटला की ती एकमेकांवर आपटायची, सगळा ढीग आतून खुळखुळायचा. दुपारी त्याच्या सावलीत कोंबड्या बसायच्या, आत सरडे, पाली, एखादं मांजर व्यालेलं. आणि पऱ्हाटीचा जाळ म्हणजे उतावळा जाळ. बाभळीसारखा सावकाश बसत नाही. भडकन पेटतो, तडतडतो आणि विझतो. भाकर तव्यावर टाकून नजर हलली की करपली. त्यामुळे चुलीपुढे बसलेल्या याडीशी कोणी महत्त्वाचं बोलत नसे. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, त्यावर लसणाचं कडकडीत तेल, बाजूला पाट्यावर रगडलेला ठेचा. जाळ संपत आला की ती मागं न बघता हात लांब करायची आणि ढिगातली काडी ओढून आणणं हे घरात जो रिकामा असेल त्याचं काम.

आता बियाण्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मृगाच्या तोंडावर कापसाच्या बियाण्याच्या पिशव्या यायच्या. हे बियाणं असं की त्याच्या झाडातच अळीचं विष तयार होतं, अळीनं खाल्लं की मेली. पहिली काही वर्षं खरोखर मरायची. बोंडअळीच्या फवाऱ्यासाठी खांद्यावर घेतलेले पंप लोकांनी माळ्यावर टाकले. त्या मोठ्या पिशवीत एक लहानसं वेगळं पाकीट असायचं. साध्या, विष नसलेल्या बियाण्याचं. ते शेताच्या कडेनं लावायचं, असं पिशवीवर छापलेलं असे, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. काहून लावायचं, हे दुकानदारानं कधी सांगितलं नाही. बहुतेक त्यालाच माहीत नव्हतं. आमच्या भागात त्या पाकिटाला ‘हलकं बी’ म्हणत. हलकं बी आपल्या रानात पेरणं म्हणजे कमीपणा. गावातले मोठे शेतकरी दत्तराव पाटील पेरणीच्या दिवशी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहून ते पाकीट सगळ्यांदेखत ओढ्यात भिरकवायचे आणि म्हणायचे, “आपल्या रानात हलकं बी पडत न्हाई!” मग गावही भिरकवायचं. मग तांडाही. तांड्यानं गावाच्या पुष्कळ गोष्टींची नक्कल केली, त्यातली ही एक.

ज्या वर्षाबद्दल लिहिते आहे त्या वर्षी फुलं उमलेनात. कळीच्या पाकळ्या टोकाशी पिळून बांधल्यासारख्या, आत बारीक अळी. पुढे बोंडं वरून हिरवीगार, फोडली की सरकी पोखरलेली आणि आत गुलाबी अळी निवांत. वेचणीला गेलेल्या बायांच्या ओटीत पांढरा कापूस कमी, पिवळट डागाळलेलाच जास्त. कापूस झटकला की अळ्या पायावर पडायच्या. विष असलेलं बी लावूनही अळी मरत नव्हती. गाव हादरलं. लोक एकमेकांच्या धुऱ्यावर जाऊन उगाच उभे राहायचे.

त्याच दिवसांत बापूंच्या जीपमधून एक मुलगी उतरली. पाठीवर पिशवी, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. बापू अंगणातूनच ओरडले, “कमळे, पाव्हणी आणली. तिला अळ्या पायजेत.”

“अळ्या?” याडी बाहेर आली. “ने म्हणावं पोतंभर. वर दोन शेरडं भी ने.”

ती मनीषाताई. कृषी विद्यापीठात पीएचडी करत होती. वसमतची, तिथल्या एका देवळात तिचे वडील पूजेला होते. ती शेताशेतातून हिरवी बोंडं तोडायची, आमच्या ओट्यावर बसून चाकूनं चिरायची आणि आतली अळी रंगवायच्या बारीक ब्रशनं उचलून नळीत घालायची. नळीत स्पिरिट. नळीवर शेताचं नाव. दत्तराव पाटलांच्या रानातली, ओढ्याकाठच्या रानातली, आमच्या दीड एकरातली. फाल्गुनात ती पुन्हा आली तेव्हा याडीच्या ढिगातली वाळकी बोंडंही फोडली. त्यातही अळ्या निघाल्या, अंग आखडून झोपलेल्या. याडी शेजारी तूर पाखडत बसलेली.

“काय करशीन इतल्या अळ्यांचं?”

“मारणार, मावशी.”

“मारायच्या तं इथंच मार. नळीत घालून येष्टीनं नेऊन काहून मारून राहिली?”

मनीषाताई हसली. म्हणाली, मेलेल्या अळीच्या आतलं बघायचंय, त्या बियाण्याला का मरत नाहीत ते. याडी म्हणाली, “त्यात काय पाह्यचं? पुरवाई सुटली की अळी येते. औंदा पुरवाई लई व्हती.”

“तसं नसतं हो मावशी.”

“तुला काय माहीत? कालची पोरगी तू. जेव आधी.”

ती जेवली. पहिल्या दिवशी लाजत, पुढच्या खेपेला मागून. याडीचं पुरवाईचं, म्हणजे पूर्वेच्या वाऱ्याचं, मत मात्र शेवटपर्यंत बदललं नाही, आणि ते साफ चूक होतं. हे मी मुद्दाम लिहिते. अन्याय झालेल्या माणसाला सगळं कळत असलं पाहिजे, अशी अट मी मानत नाही.

रामनवमीचा दिवस. तांड्यातली माणसं टेम्पोत दाटीवाटीनं बसून पोहरादेवीला गेली होती. मागं राहिली एक-दोन म्हातारी आणि गुरं. दिवस मावळायच्या आधी आम्ही परत आलो तेव्हा रस्त्यावरूनच दिसलं की आमच्या घराच्या बाजूला काहीतरी कमी आहे. जळाल्याचं नंतर कळलं, आधी नुसतं रिकामं दिसलं. ढिगाच्या जागी काळी राख, मधूनमधून धूर. शेजारच्या घरांचेही ढीग गेले होते, पण पहिली काडी आमच्या ढिगाला लागली, असं घरी राहिलेल्या म्हातारीनं सांगितलं. अंगणातल्या लिंबाची एक बाजू होरपळून तपकिरी झाली होती. ढिगात अंड्यांवर बसलेली कोंबडी होती. ती उठलीच नाही.

याडीनं यात्रेचा प्रसाद देवळीत ठेवला, लुगड्याचा काष्टा खोचला आणि राखेच्या कडेकडेनं फिरून अर्धवट जळालेले बुडखे वेचले. त्यावर त्या संध्याकाळच्या भाकरी झाल्या. जाळ पऱ्हाटीचाच, पण भाकरीला जळक्याचा वास. बापू जेवता जेवता म्हणाले, “पोलिसात जाऊ.” याडी म्हणाली, “जाऊन काय सांगतान? काड्या जळाल्या? हसतीन.” ती बराबर बोलत होती, हा राग मला आजही आहे. घर जळालं तर तो गुन्हा. वर्षाची चूल जळाली तर त्या काड्या.

दोन-तीन दिवसांनी ग्रामपंचायतीचा शिपाई तांड्यावर सांगून गेला. एक मे रोजी ग्रामसभा. विषय: तांड्यावरच्या बायांनी यापुढे गावाच्या शेतातून पऱ्हाट्या नेऊ नयेत, ढीग घालू नयेत, घातल्यास पंचायत नष्ट करील. म्हणजे जे केलं होतं त्याला मागाहून कायदा चिकटवायचा, आणि पुढचं दार कायमचं लावायचं. शिपाई जाताना हळूच म्हणाला, “कमळाबाई, तुमचंच नाव आहे वो सगळ्यांच्या तोंडी.”

“माझं नाव तोंडी आहे तं असू दे,” याडी म्हणाली. “चुलीत काय घालू ते पूस त्यांला. हात घालू?”

घरात गॅसची टाकी होती, योजनेतली, खाटेखाली. पाहुण्यांच्या चहापुरती. तिच्यावर मोठ्या खटल्याच्या भाकरी होत नव्हत्या, आणि ती संपली की गोरेगावहून भरून येईपर्यंत खाटेखाली नुसती जागा अडवून बसायची. आसपास झाडं नव्हती. पऱ्हाटी बंद म्हणजे चूल बंद. एवढं साधं होतं.

मी तेव्हा बारावीची परीक्षा देऊन बसलेली. बापूंनी मला हिंगोलीला सोडलं, तिथून एसटीनं मी विद्यापीठ गाठलं, मनीषाताईला शोधून काढलं आणि झालं ते सांगितलं. ती ऐकत असताना एकसारखी हातातल्या पेनाचं टोपण काढत-घालत होती. मग मला आत नेलं. एक मोठा फ्रीझर, त्यात डबे, डब्यांत नळ्या. आमच्या ढिगातल्या अळ्याही त्यात होत्या. ज्या ढिगाची राख झाली होती त्यातल्या अळ्या इथं शाबूत, थंडगार.

तिनं मला समजावलं ते मला जसं कळलं तसं लिहिते. अळीच्या आतड्यात एक कुलूप असतं असं समजा, आणि बियाण्यातलं विष म्हणजे चावी. चावी कुलपात बसली की अळी मरते. लाखांत एखादी अळी अशी जन्मते की तिचं कुलूप मुळात बिघडलेलं असतं. तिच्यात चावी बसत नाही. ती वाचते. रानात सगळीकडे विषाचंच झाड असलं की धड कुलपाच्या सगळ्या मरतात आणि बिघडलेल्या तेवढ्या उरतात, त्यांची लग्नं त्यांच्यातच होतात, आणि पुढची सगळी पिल्लं बिघडलेल्या कुलपाची. अळी काही शिकत नाही, ठरवत नाही. मरणाऱ्या मरतात, उरणाऱ्यांची जात होते. तिच्या सरांनी आमच्याच भागातल्या जुन्या अळ्या, बियाणं नवीन असतानाच्या, जपून ठेवलेल्या होत्या. तिनं दोन्ही ताडून पाहिल्या. “त्या जुन्यांमध्ये बिघडलेलं कुलूप शोधावं लागतं,” ती म्हणाली, “आणि आताच्यांमध्ये धड कुलूप शोधावं लागतं.”

“मग आमच्या ढिगाचा काही संबंध नाही,” मी म्हटलं.

“आहे,” ती म्हणाली. “ढिगात अळी झोपते, पावसाळ्यात पाखरू होऊन उठते. ते खोटं नाही. मी आले तर हेही सांगेन. चालेल?”

ती पुढं म्हणाली, “पण अळी बिघडली कुठं, हा वेगळा प्रश्न आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे आहे.” तिच्या सरांचं म्हणणं होतं की काम छापून येईपर्यंत कुठं बोलायचं नाही. एक मेची सुट्टी होती. “विचारलं तर नाही म्हणतील,” ती म्हणाली, “म्हणून विचारत नाही.”

ग्रामसभा शाळेच्या ओसरीवर भरली. एरवी तांड्यातून दोन-चार पुरुष जायचे. त्या दिवशी बाया आल्या आणि ओसरीच्या खाली, उन्हात बसल्या. वर जागा होती, कोणी या म्हणालं नाही. सरपंचांनी विषय वाचला. गावात नेहमी येणारे शेती खात्याचे साहेब उठून म्हणाले की शास्त्रच सांगतं, पऱ्हाटीचे ढीग नष्ट करा. दत्तराव पाटील म्हणाले, “आमी काय मनानं बोलून राहिलो का? कमळीच्या ढिगातून अळी निघते. पोरासोराला पुसा.”

“कमळी न्हाई, कमळाबाई,” खालून बापू म्हणाले. लोक हसले.

मनीषाताई उभी राहिली. आधी तिनं कबूल केलं तेच सांगितलं, की ढिगात अळी होती, तिनं स्वतः काढली. पाटील लगेच वळले, “ऐकलं का? मॅडमच म्हणून राहिल्या!” ओसरीवर कालवा झाला. मला वाटलं, संपलं. याडी माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत एवढंच होतं, ही तुझी पाव्हणी.

मनीषाताई कालवा ओसरेपर्यंत थांबली. मग तिनं कुलूप-चावीचं सांगितलं, आणि शेवटी विचारलं, “पिशवीतलं ते लहान पाकीट तुम्ही काय करता?”

कोणी म्हणालं, गड्यानं फेकलं असंल. कोणी म्हणालं, जिथं उगवलं न्हाई तिथं टोचलं. मागचा एक म्हातारा म्हणाला, “आमच्या दुकानदारानं तं पिशवीतून काढूनच ठेवलं. म्हणे, भार कशाला नेता.” आणि दत्तराव पाटील, मांडीवर थाप मारून, “म्या आजवर एकबी पाकीट रानात पडू दिलं न्हाई. पुसा कोणालाबी. हलकं बी आपल्याला चालत न्हाई!”

मनीषाताई हसली नाही. शांतपणे म्हणाली की त्या पाकिटातल्या झाडांवर साधी अळी जगली असती. धड कुलपाची. बिघडलेल्या अळीचं लग्न तिच्याशी लागलं असतं, आणि आईबापांपैकी एकाकडून जरी धड कुलूप आलं तरी पिल्लू मरतं. ते पाकीट अळी पोसायलाच होतं. थोडी पोसायची, म्हणजे सगळी बिघडत नाही. “ते नसलं की काय होतं ते या वर्षी दिसलं.”

“म्हंजे पाटलाच्या रानातून आली म्हना की!” कोणीतरी मागून ओरडलं, आणि ओसरी हशानं फुटली. पाटलांचा चेहरा उतरला. त्यांच्यासाठी मला वाईट वाटलं असं म्हणणं खोटं होईल.

पण मनीषाताईनं तेही होऊ दिलं नाही. ती म्हणाली, “नाही. एकाच्याच रानातून आली असती तर सगळ्यांचं कुलूप एकाच जागी मोडलेलं दिसलं असतं. पाटील साहेबांच्या रानातल्या अळीत ते एका जागी मोडलंय, ओढ्याकाठच्या रानातल्या अळीत दुसऱ्या जागी, आणखी एका रानात तिसऱ्या जागी. कमळाबाईंच्या ढिगात हे सगळे प्रकार मिळाले, कारण त्या पऱ्हाट्या तुमच्याच रानातल्या आहेत. ढिगात अळी आली ती तुमच्याकडून. आणि जिथं जिथं पाकीट पेरलं नाही तिथं तिथं ती वेगवेगळी बिघडली. हे एका घराचं काम नाही.”

शेती खात्याचे साहेब चष्मा पुसत होते. पाकिटाबद्दल गावात सभा घेणं हे ज्यांचं काम, त्यांत तेही होते, आणि बियाण्याची कंपनी तर होतीच, जिनं मुंगीच्या अक्षरात छापून हात झटकले होते. त्यांना कोणी काही विचारलं नाही. त्या दिवशी मीही विचारलं नाही. मला विचारता येतं हेच तेव्हा ठाऊक नव्हतं.

विचारलं ते याडीनं. ती उन्हातून उठली, पदर सारखा केला आणि सरपंचांकडे बघून म्हणाली, “अळी समद्यांची, तं ढीग माझाच काहून जाळला?”

सरपंच म्हणाले, “कमळाबाई, झालं गेलं.”

“ते तं झालं. पर काहून?”

सरपंचांनी ठराव तहकूब असं जाहीर केलं. फेटाळला नाही, तहकूब. चहा आला. तो खाली बायांपर्यंत पोहोचला नाही. परतताना ओढ्यात याडी मनीषाताईला म्हणाली, “चांगलं बोललीस. पर पुरवाईचं सांगायचं राह्यलं.”

त्या पावसाळ्यात घरात शेणाच्या गोवऱ्या, कोणाच्या धुऱ्यावरची काटकी, नाही तेव्हा चहापुरती टाकी, असं चाललं. काही दिवस एकाच वेळी भाकरी थापून दोन्ही वेळा खाल्ल्या. पुढच्या माघात बाया नेहमीसारख्या चिमटे घेऊन रानात गेल्या. कोणी अडवलं नाही, कोणी या असंही म्हणालं नाही. मनीषाताईच्या सांगण्यावरून त्यांनी वाळकी बोंडं रानातच झोडून, गोळा करून जाळली आणि नुसत्या काड्या घरी आणल्या. ढीग आता खुळखुळत नाही. ते काम वाढलं ते बायांचंच. पाटलांनी कापूस सोडून सोयाबीन धरलं. वसमतकडे मी पत्रकं घेऊन जाते तेव्हा पुष्कळ जण म्हणतात, ताई, आमी हळद लावतो, आमाला काय त्या अळीचं? हट्टा गावात एकानं मला विचारलं, “हे समदं सांगून तुमाला काय भेटते?” काही भेटत नाही. पण तहकूब ठराव अजून तहकूबच आहे. तो कधीही वर काढता येतो, आणि याडीच्या प्रश्नाला कोणी तोंड दिलेलं नाही. ती आता थकली आहे. चुलीपुढे बहुतेक वेळा माझी वहिनी बसते.

तेव्हा वाचणाऱ्या, तुझ्याकडून मला हळहळ नको. तू कुठल्या ना कुठल्या गावाचा, वॉर्डाचा, सोसायटीचा सभासद आहेसच. कधीतरी तुझ्यासमोरही असाच एक विषय येईल: रोग त्यांच्या वस्तीतून येतो, घाण त्यांच्या घरातून येते, कीड त्यांच्या ढिगातून येते. सगळे हात वर करतील. तू करू नकोस. उठून उभा राहा आणि विचार, तपासलं कोणी, कोणाकोणाच्या रानातलं तपासलं, आणि तुमच्या स्वतःच्या रानातलं तपासलं का? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नकोस.